साठवणारे आणि शोधणारे : निवडुंग व बाभळींचे संगोपन आणि संग्रह

पाण्याच्या दुर्भिक्ष्यात तग धरण्याचे वनस्पतींचे दोन मार्ग एकमेकांच्या अगदी उलट दिशेने जातात. निवडुंग पाऊस पडेल तेव्हा मिळेल तेवढे पाणी आपल्या खोडात भरून घेतो आणि पुढचे महिने त्या साठ्यावर काढतो. बाभूळ मात्र साठवणीच्या वाटेला न जाता सोटमूळ खोलवर धाडून जमिनीच्या पोटातला ओलावा शोधते. दोहोंच्या अंगावर काटे असल्याने दोन्ही वनस्पती एकाच माळेत ओवल्या जातात, परंतु कुंडी उथळ असावी की खोल, माती भुसभुशीत असावी की भारी, पाणी केव्हा द्यावे आणि केव्हा तोडावे, बी पृष्ठभागावर पेरावे की उकळत्या पाण्यातून काढावे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर साठवणारा आणि शोधणारा या एका भेदातून निघते. हा भेद ज्याला नीट उमगला त्याला नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. पुढील विवेचन प्रामुख्याने दख्खनच्या पर्जन्यछायेतील, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, कर्जत, जामखेड अशा अवर्षणप्रवण तालुक्यांतील हौशी संग्राहक डोळ्यांसमोर ठेवून केले असून कोकण, गोवा व मुंबई येथील दमट हवेसाठी आवश्यक ते फेरफार त्या त्या ठिकाणी नोंदविले आहेत.

निवडुंग कोणता आणि निवडुंगासारखा कोणता

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर या दोन्ही वनस्पती वस्तुतः एरंडाच्या कुलातील, युफोर्बिया या प्रजातीच्या आहेत. त्यांचा तुकडा मोडताच पांढरा चीक वाहतो आणि तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. खरा निवडुंग म्हणजे कॅक्टेसी कुलातील वनस्पती. तिची निर्विवाद खूण काटा ही नसून काट्याच्या बुडाशी असलेली ‘एरिओल’ ही लहानशी लवदार गादी आहे. काटे, फुले आणि नवे फुटवे या गादीतूनच निघतात; युफोर्बियाला काटे असले तरी अशी गादी नसते. कॅक्टेसी कुलाचे जवळजवळ सर्व सदस्य मूळचे अमेरिका खंडांतील आहेत. आफ्रिका व श्रीलंकेपर्यंत नैसर्गिकरीत्या पोचलेली रिप्सालिस बॅसिफेरा ही एकच जाती त्याला अपवाद मानली जाते. गावोगाव दिसणारा फड्या निवडुंग, म्हणजे ओपन्शिया, हाही अमेरिकेतून आलेला आहे. एवढेच नव्हे, तर पावसाळी रात्री उमलणारे जे पांढरे फूल महाराष्ट्रात ‘ब्रह्मकमळ’ म्हणून कौतुकाने पाहिले जाते, ती एपिफायलम ऑक्सिपेटलम ही अमेरिकेच्या उष्ण जंगलांत झाडांवर वाढणारी निवडुंगाची जाती असून हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुलातील आहे. संग्राहकाने प्रथम एरिओल पाहण्याची सवय लावून घेतली, की यांतील बहुतेक घोटाळे आपोआप टळतात.

बाभूळवर्गाची बदललेली नावे

बाभूळ, हिवर, खैर आणि शिकेकाई या सर्वांचा समावेश दीर्घकाळ ‘अकेशिया’ या एकाच विशाल प्रजातीत होत असे. ही प्रजाती प्रत्यक्षात अनेक स्वतंत्र गटांची मोट आहे हे स्पष्ट झाल्यानंतर ‘अकेशिया’ हे नाव कोणत्या गटाकडे राहावे याचा निर्णय २००५ साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला आणि २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत तो कायम करण्यात आला. त्यानुसार हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील जातींकडे राहिले. बाभूळ व हिवर व्हाचेलिया या प्रजातीत, तर खैर व शिकेकाई सेनेगालिया या प्रजातीत गेले. हौशी माणसाला ही केवळ कागदोपत्री उलथापालथ वाटण्याचा संभव आहे, परंतु नव्या विभागणीतील भेद हातात फांदी घेऊन पाहता येतो. व्हाचेलियात पानाच्या बुडाशी सरळ काट्यांची जोडी असते आणि फुले बहुधा गोल गोंड्यांत येतात, तर सेनेगालियात काटे आखूड, आकडीसारखे वाकडे असतात. बाभळीचा पिवळा गोंडा आणि मण्यांच्या माळेसारखी खाचा पडलेली शेंग, हिवराची फिकट साल आणि दुधाळ गोंडे, खैराची आकडी आणि लांबट तुरा ही तिहेरी तुलना केल्यास महाराष्ट्राच्या माळरानावरील या वर्गाची मुळाक्षरे गिरविल्यासारखे होते. कोकण-गोव्यात रस्त्याकडेला लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ मात्र आजही अकेशियाच आहे. तिच्या अंगावर काटे नाहीत आणि जी ‘पाने’ दिसतात ती वास्तविक रुंदावलेले पानांचे देठ आहेत. सर्वत्र माजलेली वेडी बाभूळ ही तर बाभूळच नव्हे. ती प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा ही वेगळ्याच प्रजातीची परदेशी वनस्पती आहे.

वाळवंटातील दाई

या दोन वनस्पतींना एकत्र वाढविण्यामागे केवळ हौस नाही, तर निसर्गातील एक जुने नाते आहे. अॅरिझोना व मेक्सिकोतील सोनोरा वाळवंटात सग्वारो हा राक्षसी निवडुंग १२ मीटर किंवा त्याहूनही उंच वाढतो, पण त्याचे रोप पहिल्या आठ वर्षांत जेमतेम अडीच ते चार सेंटीमीटर होते. एवढ्या काळात उघड्यावरचे ऊन, हिवाळ्यातील गोठवणारी रात्र आणि चरणारी जनावरे यांपासून त्याला आडोसा मिळतो तो शेंगावर्गीय काटेरी झाडांचा. पालो व्हर्डे, मेस्किट आणि ‘कॅटक्लॉ’ म्हणजे सेनेगालिया ग्रेगी अशा झाडांच्या विरळ सावलीत ही रोपे जगतात आणि म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्या झाडांना दाई-वनस्पती म्हणतात. मेक्सिकोतील तेवाकान खोऱ्यात, ज्याला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेथील उंच खांबासारख्या निवडुंगांची रोपेही अशीच लाजाळूच्या प्रजातीतील झुडपांखाली वाढताना आढळली आहेत.

या निरीक्षणातून संग्राहकाला मिळणारा धडा असा, की निवडुंगाच्या रोपाला भर उन्हात ठेवणे म्हणजे वाळवंटाची नक्कल नव्हे. वाळवंटातही त्याचे बालपण सावलीतच जाते. बाभूळ किंवा हिवर यांची बारीक पर्णिका असलेली सावली गाळीव असते. ती सूर्याबरोबर सरकते आणि एकाच जागी दिवसभर अंधार करीत नाही. अशा झाडाखाली निवडुंगाच्या कुंड्या ठेवताना त्या थेट जमिनीवर न टेकवता विटांच्या किंवा लोखंडी मांडणीवर ठेवाव्यात, कारण शोधणाऱ्या झाडाची मुळे कुंडीच्या तळाच्या छिद्रातून आत शिरून साठवणाऱ्याचा ओलावा पळवितात.

हवामानाचा मेळ

जातीची निवड करताना तिच्या मूळ प्रदेशात पाऊस केव्हा पडतो आणि रात्री किती थंड होतात, हे दोन प्रश्न सर्वांत आधी विचारावेत. दुसरा प्रश्न महत्त्वाचा असण्याचे कारण निवडुंगाच्या श्वासोच्छ्वासाच्या पद्धतीत आहे. बहुतेक वनस्पती दिवसा त्वग्रंध्रे, म्हणजे त्वचेवरील सूक्ष्म छिद्रे, उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंग ती दिवसा मिटून रात्रीच्या गारव्यात उघडतो, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवितो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात अन्न तयार करतो. रात्रही तापलेली राहिली तर ही यंत्रणा मंदावते. त्यामुळेच मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातील अनेक निवडुंग वाढ थांबवून निपचित पडलेले दिसतात, आणि अशा वेळी पाणी वाढविणे त्यांच्या मुळावर येते.

मेक्सिकोच्या पठारावरील पुष्कळ जातींना उन्हाळी पाऊस व कोरडा हिवाळा मिळतो. दख्खनचे ऋतुचक्र त्याच्याशी चांगले जुळते. म्हणून सोनेरी काट्यांचा ‘गोल्डन बॅरल’, फेरोकॅक्टस, मॅमिलारिया, ॲस्ट्रोफायटम ऑर्नेटम आणि ॲस्ट्रोफायटम मायरिओस्टिग्मा यांपासून आरंभ करणे हितावह ठरते. दक्षिण अमेरिकेतील जिम्नोकॅलिशियमही येथे रमतो, मात्र त्याला सावली थोडी अधिक लागते. कोकणात व मुंबईत ब्राझील आणि कॅरिबियन भागातील मेलोकॅक्टस अधिक सुखी असतो, कारण त्याला उबदार रात्री मानवतात आणि थंडीच सोसत नाही. झाडांवर वाढणारे रिप्सालिस व एपिफायलम हेही दमट हवेचेच रहिवासी होत. याउलट अँडीज पर्वतातील रिबुशिया आणि आटाकामाच्या धुक्यावर जगणारा कोपियापोआ यांना पठारावरील उष्ण रात्री जड जातात, म्हणून चार-पाच वर्षांचा अनुभव गाठीशी आल्याखेरीज त्यांच्या मागे लागू नये.

माती आणि कुंडी

दख्खनची काळी कसदार माती बाभळीला मानवते, पण कुंडीतील निवडुंगाला ती घातक ठरते. ती पाणी धरून फुगते, वाळताना आक्रसते आणि बारीक मुळे तोडते. निवडुंगासाठी मिश्रणाचा दोन-तृतीयांश भाग खनिज आणि खरबरीत असावा. विदेशी पुस्तकांत त्यासाठी प्यूमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची शिफारस असते, परंतु पठारावर सहज मिळणारा मुरूम, म्हणजे झिजून सुटा झालेला बेसाल्ट खडक, हे काम उत्तम करतो. मुरूम दोन चाळण्यांतून चाळून धूळ आणि मोठे खडे दोन्ही काढून टाकावेत व हरभऱ्याच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतचा भाग ठेवावा. त्यात विटांचा तेवढाच जाडसर चुरा, थोडा लाकडी कोळसा आणि उरलेल्या एक-तृतीयांशात पूर्ण कुजलेले पानांचे खत किंवा गांडूळखत मिसळावे. ताजे शेणखत कधीही घालू नये आणि समुद्रकाठची खारट वाळू टाळावी. मिश्रण योग्य झाले आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. ओले मिश्रण मुठीत दाबून हात उघडल्यावर लाडू न राहता ते लगेच विस्कटले पाहिजे.

निवडुंगाची मुळे बहुधा पृष्ठभागाजवळ दूरवर पसरतात, म्हणून त्याला रोपापेक्षा किंचितच रुंद आणि फारशी खोल नसलेली कुंडी पुरते. मोठ्या कुंडीतील न वापरलेली ओली माती हेच कुजीचे माहेरघर असते. मातीची कुंडी बाजूंनीही वाळते, त्यामुळे दमट प्रदेशात ती श्रेयस्कर ठरते, तर कोरड्या पठारावर प्लॅस्टिकची कुंडीही चालते. कुंडी बदलताना माती पूर्ण कोरडी असावी, तुटलेली मुळे छाटावीत आणि जखमा सुकण्यासाठी त्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये.

पाणी : वाफसा आणि ताण

निवडुंगाला पाणी लागत नाही हा सर्वांत रूढ आणि सर्वांत हानिकारक समज आहे. वाढीच्या काळात त्याला भरपूर पाणी हवे असते. त्याला सहन होत नाही ते पाण्याचे रेंगाळणे. मराठी शेतकऱ्याला परिचित असलेले दोन शब्द येथे पूर्ण उपयोगी पडतात. पहिला शब्द वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा तोल साधलेली स्थिती. पाणी तळातून वाहून जाईल असे एकदाच मनसोक्त द्यावे, माती वाफशावर येऊन पुढे पूर्ण कोरडी होऊ द्यावी, आणि मगच पुन्हा द्यावे. रोज घोटभर पाणी शिंपडण्याची पद्धत सर्वथा वर्ज्य समजावी, कारण तिने वरचा थर सतत ओला आणि मुळांचा भाग तहानलेला राहतो. कोरडी सुकी काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढली, की तिच्यावरील ओलीच्या खुणेवरून आतली परिस्थिती कळते.

दुसरा शब्द ताण. सांगोला-आटपाडीचा डाळिंब बागायतदार बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी तोडतो, त्याच न्यायाने अनेक निवडुंगांना डिसेंबर-जानेवारीतील कोरडी विश्रांती मिळाल्यावरच वसंतात फुले येतात. नोव्हेंबरपासून पाणी क्रमाने कमी करावे, कडाक्याच्या थंडीत ते जवळजवळ बंद ठेवावे आणि फेब्रुवारीत ऊन वाढू लागताच हळूहळू सुरू करावे. मेच्या काहिलीत संध्याकाळी हलके पाणी पुरे. पावसाळ्यात मात्र खरा शत्रू पाऊस नसून त्याचे सलग दिवस असतात. म्हणून चारही बाजू मोकळ्या ठेवून वर पारदर्शक छत घालावे, जेणेकरून हवा खेळती राहील आणि पाणी केव्हा पोचावे हे संग्राहकाच्या हातात राहील. विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास कुंडीच्या काठावर आणि रोपाच्या बुडाशी पांढरा थर साचतो आणि वाढ खुंटते. अशा ठिकाणी पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवून वापरणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय होय.

उन्हाची सवय पायरीपायरीने लावावी. रोपवाटिकेच्या सावलीतून आणलेले रोप एकदम उघड्यावर ठेवल्यास त्याच्या दक्षिण-पश्चिम अंगावर फिकट डाग पडतो, जो पुढे तपकिरी खपलीसारखा होतो आणि आयुष्यभर जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत ५० टक्के सावलीची शेडनेट बहुतेक जातींना पुरते.

बियांपासून निवडुंग

विकत आणलेल्या रोपांचा संच आणि स्वतः वाढविलेला संग्रह यांतला फरक बियांच्या पेरणीने पडतो. फेब्रुवारी-मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ, जेव्हा तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, पेरणीस सर्वोत्तम आहे. बारीक चाळलेले मिश्रण वाफेवर तापवून निर्जंतुक करावे, गार झाल्यावर झाकणाच्या पारदर्शक डब्यात भरावे, तळातून ओले करावे आणि बिया पृष्ठभागावर विखराव्यात. त्या मातीखाली गाडू नयेत. बहुतेक जातींना रुजण्यासाठी प्रकाश लागतो. डबा मिटून उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावा.

ॲस्ट्रोफायटमच्या बिया टोपीसारख्या, तपकिरी आणि इतर निवडुंगांच्या मानाने मोठ्या असतात. त्या ताज्या असल्यास दोन-तीन दिवसांतच तडकतात आणि त्यांतून मुगाच्या दाण्याएवढा, हिरवा, बुडाशी लालसर झाक असलेला गोळा बाहेर येतो. त्यावर काटा दिसत नाही. आठवड्यांनंतर शेंड्यावर पहिला पांढरा लवदार ठिपका उमटतो, आणि तोच पहिला एरिओल. हा ठिपका भिंगातून पाहिला की सारे कुल कशावरून ओळखले जाते हे पुस्तकाविना कळते. इतर जाती एक ते तीन आठवडे घेतात, तर ओपन्शियाच्या टणक बिया महिनोन्‌महिने पडून राहतात. पहिले काही महिने दमट हवा ठेवावी, नंतर झाकण थोडे थोडे उघडून रोपांना बाहेरची हवा दाखवावी, आणि रोपे एकमेकांना टेकू लागली की ती वेगळी करावीत.

रोपांना वेग द्यायचा असल्यास कलम हा मार्ग आहे. त्यासाठी खुंट म्हणून ड्रॅगन फ्रूटचे छाट उपयोगी पडतात, आणि जत-सांगोला भागात या फळाच्या बागा असल्याने छाटणीनंतरचे तुकडे सहज मिळतात. खुंट आणि रोप दोन्ही आडवे कापल्यावर आत दिसणारी वाहिन्यांची कडी एकमेकींवर निदान एका ठिकाणी तरी टेकली पाहिजे. अन्नपाण्याचा प्रवाह तेथूनच सुरू होतो. रोपवाटिकांत मिळणारे लाल-पिवळे गोळे असेच हिरव्या खुंटावर बसविलेले असतात. त्यांच्यात हरितद्रव्य नसल्याने खुंटाशिवाय ते जगू शकत नाहीत, हे नवख्याने खरेदीपूर्वी जाणून घ्यावे.

बियांपासून बाभूळ

बाभूळवर्गाच्या बियांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरत नाही आणि बी वर्षानुवर्षे तसेच राहते. निसर्गात हे कवच शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातून जाताना मऊ होते. म्हणूनच वाड्यातील लेंड्यांतून वेचलेल्या बिया चांगल्या उगवतात, हे वनखात्यातील जुन्या माणसांना ठाऊक असते. घरी हे काम दोन रीतींनी होते. बिया थोड्या असल्यास नखे काढण्याच्या कटरने, देठाच्या बाजूच्या विरुद्ध टोकाला, कवचाचा कण तेवढा उडवावा. बिया पुष्कळ असल्यास उकळी आलेले पाणी चुलीवरून उतरवून त्यांच्यावर ओतावे आणि ते गार होईपर्यंत चोवीस तास ठेवावे. फुगलेल्या बिया पेराव्यात आणि न फुगलेल्यांवर पुन्हा तोच प्रयोग करावा. शेंगांतून काढलेल्या बियांना सुईच्या टोकाएवढी गोल भोके असतील तर आत भुंगेऱ्याने घर केले आहे असे समजावे. चांगल्या बिया वेगळ्या करून त्या काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास लपलेल्या अळ्या मरतात.

पेरणी एक-दीड सेंटीमीटर खोल, निदान ३० सेंटीमीटर उंचीच्या पिशवीत करावी, कारण पहिली पर्णिका उलगडण्याच्या आतच सोटमूळ तळाकडे धाव घेते. उथळ कुंडीत ते गोल गुंडाळले जाते, आणि असे झाड जमिनीत गेल्यावरही पुढे कधी नीट उभे राहत नाही. जुन्या बाभळीच्या बुडाखालची मूठभर माती पिशवीत मिसळावी. तिच्यातील जिवाणू मुळांवर गाठी तयार करून हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. पहिल्याच पावसाळ्यात रोप कायमच्या जागी लावावे. भारी काळ्या जमिनीत बाभूळ, हलक्या मुरमाड जमिनीत हिवर आणि डोंगरउतारावर खैर ही निवड सोयीची होते. जागा अरुंद असेल तर सरळसोट वाढणारी रामकाठी बाभूळ लावावी. पहिली दोन वर्षे पाणी कमी वेळा पण खोलवर मुरेल असे द्यावे, जेणेकरून मूळ पाण्याच्या मागे खाली जाईल. त्यानंतर पाणी थांबविणे हीच झाडाची खरी शिकवण होय.

परदेशी जातींपैकी मेक्सिकोतील व्हाचेलिया कॉर्निगेरा हिच्याकडे संग्राहकाचे विशेष लक्ष जाते. बैलाच्या शिंगांसारखे तिचे जोडकाटे पोकळ असतात आणि तिच्या मूळ प्रदेशात मुंग्या त्यांत बिऱ्हाड करून झाडाचे किडी व वेलींपासून रक्षण करतात. पर्णिकांच्या टोकांवर झाड त्यांच्यासाठी अन्नकण तयार करते. थॉमस बेल्ट यांनी १८७४ साली हे नाते वर्णिले आणि डॅनियल जॅन्झन यांनी १९६६ साली प्रयोगांनी ते सिद्ध केले. कुंडीत वाढविताना या मुंग्यांची उणीव संग्राहकाला स्वतः किडींवर नजर ठेवून भरून काढावी लागते.

कीड, कूज आणि काटा

निवडुंगावरील पिठ्या ढेकूण कापसासारख्या पुंजक्यांनी ओळखू येतो. स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कुंचल्याने तो टिपून काढावा. रोप विनाकारण सुरकुतले आणि पाणी देऊनही फुगले नाही तर कुंडीतून काढून मुळे पाहावीत, कारण याच किडीचा एक प्रकार मुळांवर राहतो. शेंड्याकडून पसरणारा तांबूस, गंजासारखा थर लाल कोळ्याचा असतो आणि तो कोरड्या, बंदिस्त हवेत फोफावतो. फड्या निवडुंगावरील पुंजका चिरडल्यावर बोटे गर्द लाल झाली तर तो कोचिनिल हा रंग देणारा कीटक समजावा. या रंगाच्या उद्योगासाठीच अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये निवडुंगाची लागवड झाली होती आणि १७९५ साली भारतात हा कीटक आणला गेला. अपेक्षित जातीऐवजी दुसरीच जात आल्याने उद्योग फसला, परंतु त्या कीटकाने ओपन्शियाची एक जात मात्र झपाट्याने खाऊन टाकली.

बुडाशी मऊ, तपकिरी डाग दिसणे हे कुजीचे लक्षण असून त्यावर औषधापेक्षा सुरी अधिक उपयोगी पडते. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने वरचा निरोगी भाग कापावा, कापावर एकही तपकिरी ठिपका उरणार नाही तोवर काप पुढे सरकवावा, गंधकाची भुकटी लावावी आणि काही आठवडे सावलीत सुकवून मगच मुळे धरण्यासाठी कोरड्या मुरमावर ठेवावा. बाभळीच्या तरुण खोडाच्या बुडाशी भुस्सा पडलेला आढळल्यास खोडकिड्याचा संशय घ्यावा.

हाताळणीचे नियमही संगोपनाइतकेच महत्त्वाचे आहेत. निवडुंग वर्तमानपत्राच्या घडी घातलेल्या पट्टीने उचलावा. ओपन्शियाची सूक्ष्म, उलट्या दातेरी कुसे त्वचेत घुसल्यास ती चोळू नयेत. चिकटपट्टी लावून ओढल्यास बरीच निघून येतात. बाभळीचा काटा खोल गेल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

संग्रहाची शिस्त

नाव आणि मूळ स्थान हरवलेले रोप कितीही देखणे असले तरी संग्रहाच्या दृष्टीने ते अर्धेच उरते. प्रत्येक कुंडीत पट्टी असावी आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहावे. शाईचे पेन दख्खनच्या उन्हात वर्ष-दोन वर्षांत पुसट होते, पेन्सिल टिकते. पट्टीचा एक तुकडा मातीत पूर्ण पुरून ठेवणे आणि वहीत तीच नोंद करणे अधिक सुरक्षित असते. बियांच्या पाकिटावर कधीकधी ‘एचयू’ अशा अक्षरांपुढे क्रमांक असतो. त्याला क्षेत्रक्रमांक म्हणतात; होर्स्ट आणि उबेलमान या संग्राहकांनी ब्राझीलसारख्या प्रदेशांत कोणत्या ठिकाणी ते रोप पाहिले, याचा तो पत्ता असतो आणि तो नावापेक्षाही विश्वसनीय ठरतो, कारण नावे बदलतात, ठिकाण बदलत नाही. महाराष्ट्रातील बाभळींचा संग्रह करणाऱ्यानेही गाव, जमिनीचा प्रकार, फुलोऱ्याचा आणि शेंगा पिकण्याचा महिना टिपून ठेवावा. अशा दहा वर्षांच्या नोंदींना अभ्यासकाच्या दृष्टीने मोठे मोल असते.

पुष्कळ निवडुंग स्वतःच्या परागाने फळत नाहीत, म्हणून बी धरण्यासाठी एकाच जातीची, वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली निदान दोन रोपे हवीत. मऊ कुंचल्याने पराग एका फुलातून दुसऱ्यात न्यावा आणि कोणाचा कोणाशी संकर झाला ते दोऱ्याची खूण बांधून नोंदवावे.

बियांवर एवढा भर देण्यामागे नैतिक कारणही आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत निवडुंगांच्या ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले, आणि रानातून रोपे उपटून विकणे हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे. वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९७५ पासून थोड्या प्रजातींचा अपवाद वगळता संपूर्ण कॅक्टेसी कुल आहे. एरिओकार्पस आणि ॲस्ट्रोफायटम अॅस्टेरियास यांसारखे दुर्मीळ निवडुंग तर पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात मोडतात. परदेशातून रोपे किंवा बिया मागविताना भारताच्या वनस्पती-संगरोध नियमांनुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. टपालाने गुपचूप आलेले पाकीट हे संग्राहकाचे भूषण नव्हे. रोप देशातील रोपवाटिकेत बियांपासून वाढविलेले आहे याची विक्रेत्याकडे विचारणा करावी. गोल्डन बॅरल मेक्सिकोतील आपल्या मूळ दऱ्यांत दुर्मीळ झाला असूनही आज जगभरच्या बागांत विपुल आहे तो अशा बीजोत्पादनामुळेच. मोठी, जुनी रोपे पाहण्याची इच्छा असल्यास हरियाणातील पंचकुला येथे १९८७ पासून असलेल्या राष्ट्रीय निवडुंग उद्यानाला भेट द्यावी.

हीच सावधगिरी उलट दिशेनेही पाळली पाहिजे. भारतातील बाभूळ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये कुरणे गिळणारे तण ठरली आहे, आणि परदेशी वेडी बाभूळ भारतात. कोणतीही परदेशी काटेरी जाती कुंपणात लावण्यापूर्वी तिची शेंग जनावरे खातात का, तिचा तुकडा पडेल तेथे रुजतो का, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर होकारार्थी असेल तर तिला कुंडीबाहेर जाऊ देऊ नये, आणि छाटलेले तुकडे माळावर टाकू नयेत.

आरंभ कसा करावा

नव्या संग्राहकाने पहिल्या वर्षी तीन-चार सोप्या निवडुंगांची रोपे, ॲस्ट्रोफायटमच्या वीस-पंचवीस बिया आणि गावच्या बाभळीच्या किंवा हिवराच्या मूठभर बिया एवढ्यावरच थांबावे. बाभूळ त्याच पावसाळ्यात जमिनीत जावी आणि निवडुंगाची रोपे झाकणाच्या डब्यात राहावीत. शोधणाऱ्या झाडाचा वेग आणि साठवणाऱ्या रोपाचा संथपणा यांचा मेळ पुढे आपोआप बसतो. काही वर्षांनी निवडुंगाचे रोप मुठीएवढे होऊन डबा आणि शेडनेट दोन्ही सोडण्यास तयार होते, तोवर बाभळीची विरळ सावली अंगणात पडू लागलेली असते, आणि सोनोरात जी जागा सग्वारोला मिळते, तीच जागा माणदेशातल्या एका कुंडीला मिळते.